भिरुडाची वंशावळ

आंब्याच्या बुंध्याशी ताजा भुसा पडलेला दिसला की बागायतदार ओळखतो, भिरूड लागला. भोकात तारेचा आकडा घालून तो आतली अळी ओढून काढतो. बोटाएवढी जाड, पिवळट पांढरी, बिनपायाची. बटोसेरा रुफोमॅक्युलाटा या लांब मिशांच्या भुंगेऱ्याची ही अळी. अशा लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या कुळात जगभरात 35 हजारांवर जाती आहेत आणि खोडातल्या अळ्या दिसायला बऱ्याचशा सारख्याच. नेमकी जात ठरवायला मायटोकाँड्रियाचा, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या तंतुकणिकेचा, डीएनए फार उपयोगी पडतो.

हा डीएनए आटोपशीर असतो: साधारण पंधरा-सोळा हजार अक्षरे, 37 जनुके, वारसा आईकडून. पेशीत त्याच्या भरपूर प्रती असल्यामुळे संग्रहालयात वाळून गेलेल्या भुंगेऱ्याच्या एका पायातूनही तो बरेचदा वाचता येतो. वाचन स्वस्त झाल्यापासून एक जात, एक जीनोम, एक छोटा शोधनिबंध असा रतीबच सुरू झाला आहे. निबंधाअखेरीस वंशवृक्ष काढून कोणते उपकुळ कोणाला जवळचे, हेही सांगितले जाते. आमची हरकत या घाईला आहे.

ही 37 जनुके एकत्रच पुढच्या पिढीत जातात. म्हणून ते 37 साक्षीदार नव्हेत, एकाच साक्षीदाराचा लांबलचक जबाब आहे. त्यातून कीटकांच्या या डीएनएत ए आणि टी या दोन अक्षरांचाच भरणा. कोट्यवधी वर्षांत एकाच जागचे अक्षर पुन्हा पुन्हा बदलते आणि जुन्या बदलाची खूण पुसली जाते. जवळची नाती त्यातून छान उलगडतात, उपकुळांच्या फुटीचा जुना इतिहास मात्र धूसरच राहतो. शिवाय या भुंगेऱ्यांच्या उत्क्रांतीतला सर्वात रंजक भाग त्यात नाहीच. 1996 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये झाडे पोखरताना सापडलेल्या आशियाई भुंगेऱ्याचा संपूर्ण जीनोम 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. लाकूड पचवणारी त्याची काही जनुके मुळात जीवाणू आणि बुरशीकडून आलेली निघाली. ती सगळी पेशीकेंद्रातली. लाकडावर जगणे या कुळाला कसे साधले, हे मायटोकाँड्रियाला विचारून कळणार नाही.

तेव्हा मोठ्या वंशवृक्षासाठी केंद्रातली जनुके वाचायलाच हवीत, आणि ज्या भुंगेऱ्याचा डीएनए वाचला तो टाचणीला लावून, ठिकाण आणि झाड नोंदवून जपायला हवा. मायटोकाँड्रियाला त्याच्या ताकदीची कामे द्यावीत. भारतातल्या या भुंगेऱ्यांची ओळख पटवताना अजूनही कीटकशास्त्रज्ञ गॅहन यांचा 1906 सालचा ग्रंथ उघडावा लागतो. त्यातल्या जातींना डीएनएची जोड देणे हे असेच एक काम. दुसरे द्राक्षबागांतले. बाभूळ पोखरणारा सेलोस्टर्ना स्कॅब्रेटर आता द्राक्षाच्या खोडातही शिरतो. बाभळीवरचा आणि द्राक्षावरचा वंश एकच की वेगळा, हे आधी तपासा. बांधावरची बाभूळ तोडायची की राखायची, याचा सल्ला शेतकऱ्याला त्यानंतर द्या.