बियाण्याच्या पावत्या चुलीत घालू नका



आपला ऊस काट्यावर चढला की आपण डोळ्यांत तेल घालून उभे राहतो. एक क्विंटल इकडचा तिकडे होऊ देत नाही. पण त्याच कास्तकाराला पऱ्हाटीच्या बियाण्याची पावती मागा. ती केव्हाच चुलीत गेलेली असते. हे बरे नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. काहून, ते सांगतो.

२०१६ साली जर्मनीच्या बायर कंपनीने अमेरिकेची मोन्सँटो विकत घेण्याचा सुमारे ६६ अब्ज डॉलरचा सौदा जाहीर केला. फवारणीची औषधे आणि बियाणे एकाच हाती जाणार होते. आपल्या देशात असे सौदे भारतीय स्पर्धा आयोग तपासतो. जून २०१८ मध्ये आयोगाने अटी घालून मंजुरी दिली. मोन्सँटोचा महिकोमधील २६ टक्के हिस्सा विकायचा आणि जनुकांचे परवाने इतरांना ७ वर्षे रास्त अटींवर द्यायचे, या त्यातल्या दोन अटी.

असे निकाल भाषणांवर होत नाहीत, आकड्यांवर होतात. आकडे मांडतात अर्थतज्ज्ञ. त्यांचा पहिला प्रश्न, बाजार कोणता? आपल्या उसाचेच घ्या. तोडलेला ऊस वाळतो, उतारा घटतो, वाहतूक अंगावर येते. म्हणून लांबचा कारखाना हा आपला बाजारच नव्हे. बियाण्याचेही तेच. भाव पाच-दहा टक्के चढला तर कास्तकार दुसरे बियाणे घेऊ शकतो काय, हे ते तपासतात. दुसरा प्रश्न, कोणाचा हिस्सा किती? समजा तिघांचे हिस्से ५०, ३० आणि २० टक्के आहेत. प्रत्येकाचा वर्ग करून बेरीज केली तर ३,८०० येते. धाकटे दोघे एक झाले की तीच बेरीज ५,००० होते. आकडा असा चढला की आयोग सावध होतो.

कंपन्या असे तज्ज्ञ पैसे देऊन नेमतात. त्यात गैर काही नाही. कोर्टात जाणारा वकील करतोच. प्रश्न आपल्या बाजूचा आहे. बायरच्या सौद्यावर आयोगाने लोकांच्या हरकती मागवल्या होत्या. बाप्पा, आपल्यापैकी कोणी चार ओळी तरी लिहिल्या काय? मोर्चा आपण काढतो, पण मोर्चाचा वर्ग करून बेरीज होत नाही.

आकडे घेऊन गेले तर फरक पडतो. २००६ साली आंध्र प्रदेश सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेले. बीटी कपाशीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटामागे १,२५० रुपये रॉयल्टी घेतली जात होती. चीनमधील फी त्याहून किती कमी, हे दाखवण्यात आले. आयोगाने रॉयल्टी कमी करायला सांगितले आणि तिथे पाकीट ७५० रुपयांवर आले. पुढे २०१६ मध्ये केंद्र सरकारने बीजी-२ पाकिटाची कमाल किंमत ८०० रुपये ठरवली. तीत रॉयल्टी ४९ रुपये.

कोणी म्हणेल, "भाव सरकार ठरवते, मग आपल्याले काय करायचं?" भाऊ, टंचाईच्या दिवसांत छापील किमतीपेक्षा जास्त मोजून, बिनपावतीचे पाकीट आणणारे आपणच ना? त्याचा पुरावा कुठे आहे?

म्हणून आमची सूचना अशी. ऊस नोंदीची वही जशी गट कार्यालयात असते, तशीच बियाणे-औषधांची वही ठेवावी. त्यात कंपनी, वाण, लॉट नंबर, मोजलेली रक्कम, तारीख आणि आलेला उतारा लिहावा. पाच-सहा हंगामांच्या नोंदी झाल्या की शेजारच्या संस्थांशी मिळून आपलाही अर्थतज्ज्ञ नेमता येईल. एकट्याला न झेपणारा खर्च वाटून घेण्यासाठीच तर सहकार आहे.

आणि हेच माप आपल्या कारखान्यालाही लावावे. आसपास दुसरा खरेदीदार नसेल, तर भावाचा हिशेब सभासदांनी जास्तच कसून विचारला पाहिजे. वार्षिक सभेत हा विषय जरूर मांडा. तोवर पावती जपून ठेवा.