कूलंट तपासायचं ते मे महिन्यात

संपादक महोदय,



आपल्या हिवाळी अंकात उष्ण प्रदेशातल्या वाहनमालकांसाठी अचानक पडणाऱ्या कडाक्याच्या थंडीबद्दल सूचना देणारा लेख आला आहे. आदल्या रात्री इंजिनावर गोधडी टाकावी, पहाटे गाडी शेडमध्येच वीस मिनिटं चालू ठेवावी, रेडिएटर गोठल्यासारखा वाटला तर वरून उकळतं पाणी ओतावं, आणि ‘आपल्याकडे कूलंटची फारशी गरज नाही, साधं पाणी चालतं’ असं त्यात म्हटलं आहे. मी निफाड तालुक्यातली, द्राक्षबागायतदाराची मुलगी. गेली अनेक वर्षं अमेरिकेत टेक्सासमधल्या ह्यूस्टनला राहते आणि इमारतींचे डिझेल जनरेटर दुरुस्त करते. या लेखाशी मी सहमत नाही. त्यातल्या दोन सूचना तर धोकादायक आहेत.

ह्यूस्टन हे उकाड्याचं शहर. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथला घाम मुंबईची आठवण करून देतो. पण १६ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे इथे पारा उणे १० अंश सेल्सिअसच्याही खाली गेला. डॅलसला तो उणे १९ पर्यंत उतरला. १५ तारखेच्या मध्यरात्रीनंतर विजेचं जाळं कोसळायच्या बेतात आलं आणि भागाभागांचा पुरवठा तोडावा लागला. पंचेचाळीस लाख घरं आणि दुकानं अंधारात गेली. राज्य सरकारच्या मोजणीप्रमाणे २४६ माणसं दगावली.

त्या आठवड्यात मला एका निवासी संकुलातून बोलावणं आलं. रस्त्यांवर बर्फ होता, त्यामुळे पोचायला दोन दिवस लागले. जनरेटरच्या इंजिनाच्या ब्लॉकला बोटभर लांबीची चीर गेली होती. असं इंजिन दुरुस्त होत नाही, बदलावंच लागतं. वरच्या मजल्यांवर पाणी चढवणारा पंप याच जनरेटरवर होता, आणि त्या मजल्यांवर म्हातारी माणसं राहत होती. बिघाड थंडीने केला, असं संकुलातले सगळे म्हणत होते. मी देखभालीची वही मागून घेतली आणि पानं उलटत गेले. तीन उन्हाळ्यांत पुन्हा पुन्हा एकच नोंद होती: ‘लेव्हल कमी, पाणी भरलं.’ एका होजपाइपचा क्लॅम्प किंचित झिरपत होता. पाणी भरणारा माणूस मनापासून काम करणारा होता, एकही पाळी त्याने चुकवली नव्हती. कूलंट मोजलं, तर त्यात जेमतेम दहा टक्के ग्लायकॉल, म्हणजे गोठणं रोखणारं मूळ द्रव्य, उरलं होतं.

हे गणित वाचकांनी एकदा स्वतः करून पाहावं. दहा लिटरच्या रेडिएटरमध्ये निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी आहे. हे मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. त्यातलं दोन लिटर गळालं आणि आपण दोन लिटर साधं पाणी भरलं, की कूलंट पन्नासचं चाळीस टक्के होतं. पुढच्या वेळी बत्तीस, मग सव्वीस, मग वीस. वीस टक्क्यांचं मिश्रण उणे ८ च्या आसपास गोठायला लागतं. चार वेळा पाणी भरलं की हे होतं, आणि रेडिएटर तर कायम काठोकाठ भरलेला दिसतो. (नुसती वाफ उडाली असेल तर ग्लायकॉल आत राहतं, मग शुद्ध पाणी भरणं बरोबरच. पण गळती आहे की वाफ, हे बघायला कोण थांबतं?) पण नुसतं शुद्ध कूलंट भरलं की काम झालं, असंही नाही. पाणी न मिसळलेलं एथिलीन ग्लायकॉल उणे १३ लाच गोठतं. महत्त्व आहे ते प्रमाणाला.

पाण्याचा बर्फ होताना त्याचं आकारमान नऊ टक्क्यांनी वाढतं, आणि वॉटर जॅकेटच्या, म्हणजे ब्लॉकमधल्या पाणी फिरणाऱ्या पोकळीच्या, बिडाला ताणलं जाणं ठाऊक नसतं. ब्लॉकला पत्र्याच्या ज्या गोल चकत्या बसवलेल्या असतात त्या अशा वेळी सुटून इंजिन वाचवतात, असं अनेक मिस्त्री सांगतात. पण मुळात ओतकामातली वाळू काढायला ठेवलेली भोकं झाकण्यासाठी त्या चकत्या असतात. कधी त्या सुटतात, कधी आधी ब्लॉक फुटतो.

त्या जनरेटरला ब्लॉक गरम ठेवणारा हीटरसुद्धा होता. तो चालायचा बाहेरच्या विजेवर. वीज गेली त्या क्षणी जनरेटर सुरू झाला असता, तर इंजिन स्वतःच्याच उष्णतेवर तगलं असतं. पण सेल्फ फिरला नाही, कारण बॅटरीत जोर नव्हता. बॅटरी थंडीत उतरली असं आपण म्हणतो. आतल्या पट्ट्या मात्र झिजवतो तो उन्हाळा. थंडीत इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो आणि बॅटरीकडे तो उरलेला नसतो, म्हणून दोष थंडीवर जातो. बॅटरीने दगा दिला, हीटर विजेबरोबर गेला, आणि पाणी मिसळून पातळ झालेलं कूलंट रात्रीतून गोठलं. वीज जाणं सोडलं, तर यातलं एकही कारण त्या रात्रीचं नव्हतं.

मोठ्या वीजकेंद्रांचंही तेच झालं होतं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतली अनेक केंद्रं उघड्यावर बांधतात, बॉयलर आणि टर्बाइनभोवती भिंती नसतात, कारण उन्हाळ्यात उष्णता निघून जायला हवी. मग थंडीत वारा थेट नळ्यांना लागतो. ह्यूस्टनच्या नैर्ऋत्येला समुद्राजवळ असलेल्या साउथ टेक्सास प्रोजेक्ट या अणुवीज केंद्राचा एक संच १५ फेब्रुवारीच्या पहाटे बंद पडला, तो पाण्याचा दाब मोजणारी बारीकशी नळी गोठल्यामुळे. अणुभट्टी ठणठणीत होती. नियामक संस्थांच्या चौकशीत पुढे दिसलं, की गोठल्यामुळे बंद पडलेल्या संचांपैकी बहुतेक, त्या केंद्रांनी स्वतःच सांगितलेल्या किमान तापमानापेक्षा जास्त तापमानातच बंद पडले होते. टेक्सासला १९८९ मध्ये आणि २०११ मध्ये असाच तडाखा बसला होता. दोन्ही वेळा अहवाल आले, शिफारशी झाल्या. पण उन्हाळा सुरू झाला की पाणी गोठतं हे कुणाला आठवत नाही. वीजकेंद्रांची थंडीची तयारी कायद्याने सक्तीची झाली ती २०२१ मध्ये, एवढी माणसं गेल्यावर.

‘आपल्याकडे कुठे एवढी थंडी पडते?’ हा प्रश्न मला माहेरी दरवर्षी ऐकायला मिळतो. २७ डिसेंबर २०१८ ला निफाडजवळ कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात १.८ अंशांची नोंद झाली. बागांतून शेकोट्या पेटवून घड वाचवावे लागले. तरी निफाडात इंजिनाचा ब्लॉक फुटल्याचं मी ऐकलेलं नाही आणि उगाच भीतीही घालणार नाही. पण आपल्याकडचा ट्रक माल घेऊन जानेवारीत थेट काश्मीरपर्यंत जातो. त्याच्या रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी असेल तर वाटेत बनिहाल घाटाच्या अलीकडे-पलीकडे रात्रीच्या मुक्कामी काय होईल? टाकीतलं डिझेलही आपल्याकडच्या हवेचं, त्यातलं मेण थंडीत फिल्टरमध्ये अडकतं. लडाखसाठी उणे ३३ अंशांतही वाहतं राहणारं डिझेल २०१९ च्या नोव्हेंबरात वेगळं बाजारात आणावं लागलं, ते याचसाठी. शक्यतो वर चढण्याआधी तिकडचंच डिझेल भरावं.

आणि जो ट्रॅक्टर तालुका सोडून कधी जात नाही, त्यालाही कूलंट हवंच. त्याने उत्कलनबिंदू वर जातो, गंज थांबतो. बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात, मग एप्रिलमध्ये इंजिन तापतं, हेड गॅस्केट जातं, आणि मालक म्हणतो ऊन फार होतं. माझ्या वडिलांच्या ट्रॅक्टरचं असंच झालं होतं, ऐन हंगामात. कूलंट गोडसर आणि विषारी असतं, तेव्हा ते मुलांच्या आणि जनावरांच्या तोंडी लागणार नाही असं मात्र ठेवावं.

मोजायला काय लागतं? द्राक्षाचा रस काचेवर टाकून गोडी बघायचं रिफ्रॅक्टोमीटर निफाडच्या बागायतदाराला नवीन नाही. त्याच जातीचं, वेगळ्या खुणांचं यंत्र कूलंटसाठी मिळतं. एक थेंब पुरतो. गावातल्या एका गॅरेजमध्ये एक असलं तरी पुरेल.

म्हणून माझी विनंती अशी, की आपण हा विषय पुन्हा घ्यावा आणि तो मे महिन्याच्या अंकात घ्यावा, जेव्हा लोक रेडिएटरमध्ये पाणी ओतत असतात. दोन दुरुस्त्या मात्र मेपर्यंत थांबू नयेत. गोठलेल्या बिडावर उकळतं पाणी ओतलं तर ते तडकू शकतं. गोठल्याची शंका असेल तर इंजिन सुरूही करू नये, आपोआप वितळू द्यावं. आणि बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये. त्या फेब्रुवारीत ह्यूस्टनमध्ये ऊब मिळावी म्हणून गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवणारी माणसं कार्बन मोनॉक्साइडने गेली. या दोन ओळी कृपया पुढच्याच अंकात छापाव्यात.

आपली,
एक वाचक, ह्यूस्टन
(मूळ गाव निफाड तालुक्यात)