घडी झाली, पण डब्यात जागा कुठाय?

लहान चाकांच्या सायकलींचे शौकीन एकत्र आले की बिजागरी, हब गिअर, टायटॅनियमचे पार्ट यांवर तासन्‌तास बोलतात. बोलू द्या, गंमत आहेच त्यात! १९६२ ची मोल्टन बघा. चाकं लहान म्हणजे धक्के जास्त, म्हणून तिला रबराचं सस्पेन्शन दिलं. ब्रॉम्प्टन करणाऱ्या अँड्र्यू रिची यांनी तर मागचं चाक खाली दुमडलं आणि घडी झाल्यावर तेलकट चेन दोन चाकांच्या मध्ये लपवली. शेजाऱ्याच्या पँटला डाग नाही. (संसारी डोकं!)

पण मित्रहो, तिचं निम्मं श्रेय मी लंडनच्या एका साध्या नियमाला देईन. तिथल्या भुयारी रेल्वेत ऐन गर्दीत मोठी सायकल चालत नाही. घडीची मात्र कधीही नेता येते. हा नियम नसता तर ती बिजागरी नुसती मिरवायलाच उरली असती.

आपल्याकडे लाखाच्या वर मोजून अशी सायकल घेतात, फोटो टाकतात. सकाळी नऊच्या लोकलमध्ये ती चढवून दाखवा की! पुढच्या भेटीत पार्टबरोबर हाही विषय घ्या. रेल्वेवाल्यांना लेखी विचारा: घडीच्या सायकलीला डब्यात जागा कुठली?