शाळेबाहेरच्या विज्ञानाचे संचित

२१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो अशी वार्ता देशभर पसरली आणि पाहता पाहता देवळांपुढे रांगा लागल्या. त्या रांगांत सुशिक्षितांची संख्या थोडी नव्हती. चमचा सोंडेला टेकविला की दूध ओढले जाते आणि पातळ थराने मूर्तीच्या अंगावरून खाली उतरते. पृष्ठताणाच्या साध्या तत्त्वाने याचा उलगडा होत होता. दिल्लीत शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून तो ओघळ लोकांच्या नजरेस आणून दिला. पृष्ठताण हा शालेय पाठ्यक्रमातलाच विषय. त्यावर उत्तरे लिहून गुण मिळविलेल्या किती जणांना रांगेत उभे असताना तो आठवला?

येथे श्रद्धेचा वाद उकरून काढण्याचे कारण नाही. हात जोडणे ही ज्याच्या त्याच्या मनाची बाब आहे. परंतु चमच्यातले दूध गेले कोठे, हा प्रश्नच न पडणे ही शिक्षणाची उणीव होय. परीक्षेतला प्रश्न दुसऱ्याने विचारलेला असतो. त्याचे उत्तर देण्याची सवय शाळा लावते. आपण होऊन प्रश्न विचारण्याची सवय मात्र बहुधा शाळेच्या फाटकाबाहेर लागते, आणि तीच आयुष्यभर टिकते.

याच वर्षीची दुसरी घटना अधिक आशादायक आहे. १६ फेब्रुवारी १९८० च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी अनेक शहरांतील रस्ते ओस पडले होते. लोक दारे-खिडक्या लावून घरात बसले. २४ ऑक्टोबर १९९५ चे खग्रास ग्रहण राजस्थानपासून बंगालपर्यंतच्या पट्ट्यातून दिसले, तेव्हा ते पाहण्यासाठी लोक मुद्दाम प्रवास करून गेले. ग्रहणाची आकृती पाठ्यपुस्तकात १९८० मध्येही होती. मधल्या पंधरा वर्षांत फरक पडला तो मुख्यतः वर्गाबाहेर. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आणि मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून हे काम निष्ठेने करीत आली होती; १९८७ मध्ये भारत जन विज्ञान जथा गावोगाव फिरला. सारे श्रेय या संस्थांचेच असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, दूरचित्रवाणीचाही वाटा आहेच. तथापि लोकांना अंगणात आणून आकाशाकडे पाहायला शिकविण्याचे काम पाठ्यपुस्तकाने केले नाही, हे मान्य करावे लागेल.

हे शिक्षण टिकते का, याचे उत्तर सलीम अली यांच्या चरित्रात सापडते. १९०८ च्या सुमारास या मुंबईच्या मुलाने एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणत्या जातीची, हे विचारण्यासाठी तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरीत गेला. मानद सचिव मिलर्ड यांनी पक्षी ओळखून दिला, एवढेच नव्हे तर संस्थेतील पेंढा भरलेले पक्षी त्याला दाखविले आणि वाचायला पुस्तकेही दिली. पुढे विद्यापीठाची रीतसर पदवी नसतानाही हा मुलगा भारतातील अग्रगण्य पक्षितज्ज्ञ झाला. मिलर्ड यांनी त्याची परीक्षा घेतली नाही. प्रश्न त्या मुलाचा स्वतःचा होता, आणि त्याला कोणी हाकलून दिले नाही.

अर्थात सलीम अली शतकातून एखादाच निपजतो. शाळेबाहेरच्या विज्ञानाचा खरा लाभ तुमच्याआमच्या व्यवहारात मोजला पाहिजे. तळहातावर नारळ उभा राहिला म्हणून पाणाड्याच्या शब्दावर विंधनविहीर खोदायची आणि ती कोरडी निघाली की कर्ज फेडीत बसायचे. सर्व रोगांवर चालणाऱ्या एकाच औषधासाठी महिन्याचा पगार खर्चायचा. हे तोटे जमाखर्चात कोठेच ‘अज्ञान’ या सदराखाली दिसत नाहीत. “यापूर्वी किती विहिरींना पाणी लागले आणि किती कोरड्या गेल्या?” एवढे विचारणारा एक माणूस घरात असला, तरी फरक पडतो.

आणि ही सवय लावण्यास भांडवल फारसे लागत नाही. अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची नळी यांतून भूमितीचे आकार उभे करून दाखविले. पुण्याच्या ‘आयुका’तील विज्ञानकेंद्रात त्यांनी वर्षानुवर्षे टाकाऊ वस्तूंतून खेळणी घडविली. अडचण निराळीच आहे. मुंबईच्या मुलाला वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र आहे. आडगावच्या मुलाला काय आहे? उलट शहरांत विज्ञानाची गोडीदेखील पदके, प्रमाणपत्रे आणि शिकवण्यांच्या बाजारात येऊन पडली आहे. ज्या वस्तूचा लाभ साऱ्या समाजाला होतो ती बाजार पुरेशी पुरवीत नाही, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक धडा आहे. बाजार पदके पुरवील. कुतूहल पुरविणार नाही.

१९७६ च्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोनाची जोपासना हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. कर्तव्य सांगायचे आणि साधन द्यायचे नाही, हा न्याय नव्हे. १९६७ च्या कायद्यामुळे महाराष्ट्रात अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे आहे. प्रत्येक तालुक्याच्या एका तरी ग्रंथालयात एक दुर्बीण, एक सूक्ष्मदर्शक, काही भिंगे आणि चुंबके ठेवावीत. आठवड्यातून एक संध्याकाळ देणाऱ्या शिक्षकास मानधन द्यावे. शाळेच्या प्रयोगशाळेचे कुलूप रविवारी काढावे. अट एकच: तेथे हजेरी, गुण आणि प्रमाणपत्र नको.

आधी शाळा नीट चालवा, मग बाहेरचे पाहा, असे कोणी म्हणतील. शाळा सुधारल्याच पाहिजेत. परंतु तोवर जी मुले मोठी होतील त्यांनी थांबायचे कोठे? २ ऑगस्ट २०२७ रोजी, सोमवारी दुपारनंतर, महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसावयाचे आहे. त्या वेळी मुलांना वर्गात कोंडून ठेवायचे, घरी पाठवायचे, की सुरक्षित चष्मे देऊन मैदानावर आणायचे, हे ठरविण्यास शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. शिक्षकांनी आणि पालकांनी ते आजच ठरवावे.