अंग बधिर कुणी केलं?

चिठ्ठी निनावी होती. वहीचं पान फाडून चार घड्या घातलेली.

जळगावला आमच्या अभ्यासवर्गात पुठ्ठ्याचं एक खोकं ठेवलेलं असतं. ज्याला तोंडानं विचारायचं धाडस नाही त्यानं लिहून टाकावं म्हणून. त्या दिवशी आरक्षणावर दोन निघाल्या, धर्मांतरावर एक निघाली आणि ही चौथी. अक्षर बाईचं.

"मी नोकरी करते. एकटी राहते. कुरिअरनं एक यंत्र मागवलं. बायकांसाठीचं, हवेनं ओढणारं. खोक्यावर मसाजर लिहिलेलं होतं. बरं वाटतं. पण भीती वाटते. यानं तिथलं अंग बधिर होईल का? उद्या लग्न झालं तर नवऱ्याचं काही जाणवेल का? कुणाला विचारू?"

वाचणारा पोरगा दुसऱ्या ओळीला अडखळला, चौथ्या ओळीला लाल झाला आणि मग सगळा वर्ग फिदीफिदी हसला. एक जुने कार्यकर्ते म्हणाले, "हे बंगल्यातल्या पोरींचे चोचले. चळवळीत हे बसत नाही." चिठ्ठी चुरगाळून खाली पडली. मी ती उचलली.

हा लेख त्या चिठ्ठीला उत्तर आहे. हसणाऱ्यांनाही आहे.

आधी हसणाऱ्यांना.

दोस्तांनो, दर ३१ जुलैला तुम्ही धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जाता. गाड्या भरभरून जाता. १९३७ साली बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले, त्या बंगल्याला त्यांचे पाय लागले, म्हणून जाता. तो वकिलाचा कोट आठवून तुमची छाती फुगते. फुगलीच पाहिजे. पण त्याच कोटानं तीन वर्षं आधी मुंबईच्या कोर्टात कुणाची बाजू मांडली होती, ठाऊक आहे?

रघुनाथ धोंडो कर्वे. १९२७ पासून १९५३ पर्यंत या माणसानं 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक चालवलं. संततिनियमन, गुप्तरोग, बाईचं कामसुख यावर उघड लिहिलं. १९३१ साली अश्लील म्हणून खटला झाला, शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली पुन्हा खटला. आणि या वेळचा गुन्हा कोणता? वाचकांच्या पत्रांना उत्तरं दिली हा. लोक खाजगीत कुढत होते ते प्रश्न त्यांनी कर्व्यांना लिहून विचारले -- हस्तमैथुन, समलिंगी संबंध -- आणि कर्व्यांनी ते छापून उत्तरं दिली.

म्हणजे आमच्या खोक्यातलीच चिठ्ठी. नव्वद वर्षांपूर्वीची.

बाबासाहेब उभे राहिले. कामजीवनावर कुणी लिहिलं म्हणजे ते आपोआप अश्लील होत नाही, माणसं प्रश्न विचारत असतील तर उत्तर का द्यायचं नाही, असं त्यांनी कोर्टाला विचारलं. खटला हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पुणे करार होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. डोक्यावर अख्ख्या अस्पृश्य समाजाचं ओझं होतं. तरी त्यांना या प्रश्नाला वेळ होता.

तुम्हाला हसू आलं.

आता ताई, तुझ्याशी बोलते. जयभीम.

तू ज्याला ओढणारं यंत्र म्हणतेस ते पंपासारखं सतत ओढत नाही. त्याचं छोटं तोंड क्लिटोरिसच्या भोवती बसतं. आतली हवा क्षणात ओढली जाते, क्षणात ढकलली जाते. हे सेकंदात कितीतरी वेळा होतं. दाबाच्या लाटा लागतात, घासणं जवळजवळ नसतं. जर्मनीतल्या मिखाएल लेन्के नावाच्या माणसानं माशांच्या टाकीला हवा देणाऱ्या पंपावर खटपट करत हे जमवलं आणि २०१४ साली ते बाजारात आलं. नाव काय ठेवलं? 'वूमनायझर'. म्हणजे बाईबाज! बाईच्या सुखाचं यंत्र, आणि त्यालाही नाव पुरुषाच्या भानगडीचं.

आपल्याकडे तरी काय वेगळं? क्लिटोरिसला मराठी पुस्तकात शिश्निका म्हणतात. लहानसं शिश्न. बाईच्या अंगाला नाव देतानाही माप पुरुषाचंच. आणि तिथलं ज्ञान? वर दिसतो तो नुसता दाणा, बहुतेक अवयव आत पसरलेला असतो, हे ऑस्ट्रेलियातल्या हेलेन ओकॉनेल या बाई सर्जननं १९९८ साली नीट दाखवलं. माणूस चंद्रावर १९६९ ला जाऊन आला होता. तिथं आठ हजार मज्जातंतू असतात असं वर्षानुवर्षं सांगत होते. तो आकडा गाईगुरांवरून उचललेला! बाईचे तंतू मोजले २०२२ साली, अमेरिकेत. दहा हजारांच्या वर निघाले. गाईच्या मापानं बाईला मोजायची खोड फक्त आपल्याच देशात आहे असं समजू नका.

आता बधिरपणा. तो होतो का? होतो, थोडा वेळ. कातडीखालच्या ज्या तंतूंना कंपन कळतं ते एकसारख्या माऱ्यानं थकतात, त्याला सरावतात. दिवसभर ट्रॅक्टरचं स्टिअरिंग धरलेल्याचे हात संध्याकाळी झिणझिणतात, तसंच. विसावा मिळाला की जाणीव परत येते. अमेरिकेत २००९ साली दोन हजारांवर बायकांचा एक अभ्यास छापून आला. त्यातल्या निम्म्याहून जास्त जणींनी थरथरणारी यंत्रं वापरली होती. वापरणाऱ्यांतल्या शंभरातल्या एकाहत्तर जणींना तिथं कधीच कसला त्रास झाला नव्हता. हवेच्या यंत्रात तर घासणं आणखी कमी.

आणि ओढण्यानं जाणीव मरते म्हणणाऱ्यांना हेही सांग. अमेरिकेच्या सरकारी औषध खात्यानं २००० साली अशाच ओढणाऱ्या एका उपकरणाला डॉक्टरच्या चिठ्ठीवर वापरायची मंजुरी दिली. कुणासाठी? ज्या बायकांना उत्तेजना यायला किंवा सुखाचं टोक गाठायला अडचण होते त्यांच्यासाठी. ओढलं की तिथं रक्त भरतं, रक्त भरलं की जाणीव वाढते. साधं गणित आहे.

पण मी तुला कंपनीची जाहिरात वाचून दाखवत नाही. यंत्र जोरावर ठेवून फार वेळ लावलं तर सूज येते, रक्त साकळतं. दुखलं की थांब. डायबेटीस असेल, तिथं ऑपरेशन झालं असेल, तर आधी डॉक्टरीणबाईला विचार. धुऊन ठेव, कुणाला देऊ नकोस. आणि एक गोष्ट खरी आहे. अंगाला रस्त्याची सवय लागते. रोज एकाच वेगानं, एकाच जागी, दोन मिनिटांत मुक्कामाला पोचलं की पायवाटेनं जायचा कंटाळा येतो. हात मंद वाटतो, माणूस मंद वाटतो. यात तंतू मेलेला नसतो, सवय जडलेली असते. जडलेली सवय सुटते. जोर कमी कर, चार-आठ दिवस बाजूला ठेव, स्वतःचा हात विसरू नकोस.

आणि नवऱ्याचं जाणवेल का? ताई, नुसत्या आत जाण्यानं बहुतेक बायकांना सुखाचं टोक गाठता येत नाही. यंत्र नव्हतं तेव्हाही येत नव्हतं. तेव्हा प्रश्न उलटा विचार. नवऱ्याला तुझं काही जाणवेल का? तो विचारील का?

आता पुन्हा सगळ्यांना.

बधिरपणाची एवढी काळजी कधीपासून लागली रे तुम्हाला? हायवेवर ब्रेकर मशीननं रस्ता फोडणारा आपला माणूस वर्षानुवर्षं तासन्‌तास हादरे खातो. त्याच्या बोटांचं बधिरपण कायमचं होऊ शकतं. त्यावर कुणी चर्चा ठेवली? बाईनं दहा मिनिटं स्वतःसाठी घेतली की मात्र शरीरशास्त्र आठवतं.

चोपडा-यावलकडे कापूस वेचणाऱ्या बायका बघा. नखाच्या कडांतून रक्त येतं, मजुरी किलोवर. केळीच्या मळ्यात वाकून वाकून कंबर जाते. २०१९ ते २०२१ मध्ये केंद्र सरकारनं आरोग्याची पाहणी केली, त्यात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. जिथं रक्तच नाही तिथं सुख कुठून भरणार? बीड जिल्ह्यात २०१९ साली ऊसतोड बायकांची सरकारी पाहणी झाली. ब्याऐंशी हजारांतल्या तेरा हजारांवर जणींच्या पिशव्या काढलेल्या. पाळी आली की खाडा, खाडा झाला की दंड, म्हणून गर्भाशयच काढायचं. कुणाकुणाची अंडाशयंही त्याबरोबर गेली. अंडाशयं गेली की तिशी-पस्तिशीत म्हातारपण येतं, अंग कोरडं पडतं, इच्छा विझते. याला म्हणतात बधिर करणं. हे काम जर्मनीच्या यंत्रानं केलेलं नाही. ते मुकादमानं केलं, पैशाला चटावलेल्या डॉक्टरनं केलं आणि कारखान्याच्या हिशेबवहीनं केलं.

आणि जात? तिनं काय केलं? आपल्या पोरी खंडोबाला वाहून मुरळ्या केल्या, यल्लमाला वाहून जोगतिणी केल्या. मुंबई इलाख्यात देवदासींचा कायदा आला तोही १९३४ साली, कर्व्यांच्या खटल्याच्या वर्षी. शतकानुशतकं आपल्या बाईचं अंग गावाच्या सुखाचं सामान होतं. वाड्यावरच्या पाटलाला सुख हवं, फडावरच्या पावण्याला सुख हवं. तिला काय हवं? हा प्रश्न या देशाच्या कुठल्या पोथीत आहे?

मग आपणच काय केलं? गावानं तिला उघडी केली म्हणून आपण तिला झाकून ठेवली. पांढरपेशांची लाज उसनी आणली. अब्रू, खानदान, घरंदाज. विटाळ टाकला म्हणतो आणि बाईच्या सुखाचा विटाळ मानतो.

या लाजेवर कुणाची पोटं भरतात ते जळगावानं तरी विसरू नये. १९९४ साली या गावाचं नाव देशभर गेलं. पोरींवर अत्याचार करायचे, फोटो काढायचे आणि त्या फोटोंच्या धमकीवर पुन्हापुन्हा बोलवायचं. ती टोळी जगली कशावर? कॅमेऱ्यावर नाही. घरी सांगितलं तर आपल्यालाच जाळतील, या भीतीवर. कितीतरी जणी पुढं आल्याच नाहीत. मुकं अंग हे ब्लॅकमेलवाल्याचं भांडवल असतं. ज्या पोरीला आपल्या अंगाची नावं येतात, त्यावर बोलता येतं, तिला धमकावणं अवघड जातं.

वस्तीतल्या एका मावशीला मी ही चिठ्ठी वाचून दाखवली. साठीच्या पुढची. पाच बाळंतपणं, पिशवी काढलेली. मला वाटलं, शिवी देईल. ती गप्प राहिली आणि मग म्हणाली, "माले कोनी कधी इचारंच नही."

एवढंच. पाच पोरं झाली आणि कुणी विचारलं नाही. हसा आता.

हां, बाजाराचंही सांगून टाकते, नाहीतर म्हणाल ही कंपनीची दलाल. हजारो रुपयांचं यंत्र विकून 'स्त्रीमुक्ती' घरपोच देणारे आपले कुणी लागत नाहीत. कापूस वेचणारीच्या किती दिवसांच्या मजुरीत ते बसतं याचा हिशेब त्यांच्या जाहिरातीत नसतो. ते विकणार, आपण गरज असेल तर घेणार, मुक्ती त्यात मोजणार नाही. आणि सरकार? १९६४ च्या एका अधिसूचनेच्या जोरावर कस्टमवाल्यांनी अंग चोळायची यंत्रंसुद्धा अश्लील म्हणून अडवली. २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयानं कान उपटले -- ही अधिकाऱ्याची नुसती कल्पना. कल्पना साहेबाची, अश्लील बाई! कर्व्यांना ज्या २९२ कलमाखाली ओढलं ते २०२४ च्या जुलैपासून न्याय संहितेत २९४ होऊन बसलंय. आकडा बदलला. म्हणून तर ताई, तुझ्या खोक्यावर मसाजर लिहून येतं. सुखाला या देशात चोराच्या वाटेनं यावं लागतं.

यंत्र घेणं ही क्रांती नाही. पण विचारणं ही सुरुवात आहे. पाण्याला हात लावला तेव्हाही लोक म्हणाले होते, पाण्यानं काय होणार? प्रश्न पाण्याचा नव्हताच. हक्काचा होता. आपलं अंग हेही एक तळं आहे. त्याच्या काठावर शतकानुशतकं दुसरेच पाणी पिऊन गेले, आणि ज्याचं तळं तीच तहानलेली.

पुढच्या वर्गाला खोकं मी उघडणार आहे. चिठ्ठ्या मी वाचणार आहे, मोठ्यानं. ज्यांना हसायचंय त्यांनी बाहेर चपलांजवळ बसावं.

ज्यांना आत यायचंय त्यांनी येताना घरच्या बाईला एवढंच विचारून यावं -- तुला काय वाटतं?

उत्तर ऐकायची तयारी ठेवून.