पार्टची यादी वाढली की कॉलम वाढवू नका



समजा हिमायतनगरला तुमचं ट्रॅक्टर आणि मोटारपंपाच्या पार्टचं दुकान आहे. पेरणीचे दिवस. पैनगंगेपलीकडून, ढाणकीकडून एक शेतकरी हातात काळं पडलेलं बेअरिंग घेऊन येतो. तुम्ही कॉम्प्युटरवर बघता. ‘मोटारचं बेअरिंग’ शिल्लक शून्य. तुम्ही ‘नाही’ म्हणता, तो नांदेडची गाडी धरतो. संध्याकाळी तेच 6205 ‘थ्रेशरचं बेअरिंग’ या नावाखाली सापडतं. चार नग!

माझं मत स्पष्ट आहे. अशा दुकानात माल कमी नसतो, एकाच मालाला नावं जास्त असतात. आणि हा घोळ महागडं सॉफ्टवेअर आणून मिटत नाही.

6205 म्हणजे आतून 25 मिलिमीटर, बाहेरून 52, जाडी 15. कंपनी कोणतीही असो, मापं हीच. झाकण पत्र्याचं की रबराचं, हा फरक असेल तर वेगळा पार्ट धरा. पण मशीन बदललं म्हणून पार्ट बदलत नाही.

दोन-तीनशे पार्ट असेपर्यंत एक्सेल चालून जातं. पुढे आपण दोनपैकी एक चूक करतो. एकतर ‘मशीन 1’, ‘मशीन 2’, ‘मशीन 3’ असे कॉलम वाढवत जातो, नाहीतर प्रत्येक मशीनसाठी तीच ओळ पुन्हा लिहितो. पहिल्यात शोधणं अवघड होतं, दुसऱ्यात शिल्लक फुटते. म्हणून कॉलम वाढवू नका, टेबल वेगळं करा. ॲक्सेसमध्ये करा किंवा फुकट मिळणाऱ्या लिबरऑफिस बेसमध्ये करा.

पहिलं टेबल पार्टचं. एक पार्ट, एक ओळ, आणि तुमचा स्वतःचा साधा अनुक्रमांक. त्या नंबरात कप्पा, कंपनी, काहीही कोंबू नका. उद्या कप्पा बदलला की नंबर खोटा पडतो. कंपनीचा पार्ट नंबर ‘टेक्स्ट’ म्हणूनच ठेवा. नाहीतर 0045 चा 45 होतो आणि 12-8 ची एक्सेल सरळ तारीख करून टाकतं.

दुसरं टेबल ‘कशाला बसतो’. यात फक्त पार्टचा अनुक्रमांक आणि मशीन. एक पार्ट दहा मशीनला बसला तर इथे दहा ओळी होतील, पण शिल्लक एकाच जागी राहील.

तिसरं टेबल कराचं. 22 सप्टेंबर 2025 आठवतोय? त्या दिवसापासून गाड्यांच्या ज्या पार्टवर 28 टक्के जीएसटी होता तो 18 झाला, आणि ट्रॅक्टरच्या ठराविक पार्टवरचा 18 वरून 5 वर आला. ज्यांनी दर प्रत्येक पार्टसमोर लिहिला होता त्यांना शेकडो ओळी बदलाव्या लागल्या. कराचा गट वेगळा ठेवला, त्यात दर आणि ‘कधीपासून’ ही तारीख लिहिली, तर दोन-चार नव्या ओळींत काम होतं. जुनी बिलंही जुन्याच दराने दिसतात.

आता तुम्ही म्हणाल, “सर, आमच्या बाबांना सगळं पाठ आहे, कशाला हा उद्योग?” पाठ आहे, मान्य. हात लावून ते सांगतात, हे अमक्या पंपाला चालतं. पण बाबा दोन दिवस लग्नाला गेले की तुमचं दुकान अर्धं बंद असतं, हेही मान्य करा. म्हणून मी म्हणतो, चौथं टेबल ‘लोक काय म्हणतात’ याचं करा. गिऱ्हाईक ज्या-ज्या नावाने पार्ट मागतं ती सगळी नावं त्यात टाका. हे टेबल तुम्हाला कोणी विकत देणार नाही. ते बाबांच्या डोक्यात आहे.

एकदम सगळं भरायला बसू नका. सर्वात जास्त खपणारे 50 पार्ट घ्या. रोज संध्याकाळी अर्धा तास बाबांना शेजारी बसवा, ते सांगतील तसं लिहा. आणि एक नियम पाळा: नवीन पार्ट टाकायचा अधिकार एकाच माणसाला, आणि आधी शोधायचं, मग टाकायचं.

पुढच्या पेरणीला तो ढाणकीचा शेतकरी पुन्हा येईल. तेव्हा ‘नाही’ म्हणायच्या आधी तुमची यादी खरं बोलली पाहिजे, एवढंच.