‘एक्सपॅट’ कोण आणि ‘स्थलांतरित’ कोण?

मेक्सिको सिटीतल्या रोमा, कोंडेसा या भागांत लॅपटॉप घेऊन राहणारा अमेरिकन ‘एक्सपॅट’. कामासाठी अमेरिकेत गेलेला मेक्सिकन मजूर मात्र ‘मायग्रंट’, कागद नसतील तर थेट ‘बेकायदा’. सीमा दोघांनीही ओलांडली, मग नावांत ही उतरंड का? नावे कोण ठेवतो आणि कुणाला ठेवतो, हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

यांची कमाई डॉलरमध्ये, शेजाऱ्याची पेसोमध्ये. २०२२ मध्ये शहर सरकारने एअरबीएनबी आणि युनेस्कोशी हातमिळवणी करून अशा पाहुण्यांना आवतण दिले. भाडी चढली, जुने भाडेकरू बाहेर ढकलले गेले. ४ जुलै २०२५ रोजी लोक रस्त्यावर उतरले. तिथल्या परकीयद्वेषी घोषणांचे समर्थन आम्ही करणार नाही. पण त्या घोषणा दाखवून घराचा प्रश्न गाडता येणार नाही.

परदेशातून काम करू पाहणाऱ्या मित्रांनो, घर शोधताना आडनाव लपवण्याची वेळ आपल्या माणसांवर आजही येते. म्हणून आम्ही बजावतो: आपल्या सोयीपायी दुसऱ्याचे छप्पर जात असेल, तर तिथल्या भाडेकरूंच्या लढ्यात उभे राहा. नाहीतर समतेची भाषा बोलू नका.

जय भीम!